मोजणीच्या आठवड्यातल्या दोन ओळी

ताई साध्या होत्या, पण भोळ्या नव्हत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर ज्यांनी ज्यांनी ‘अहो, त्या भोळ्याच हो’ म्हणून चुकचुक केली, त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे, की बाबांनो, भोळ्या माणसाला गंडवायला एक दुपार पुरते. ताईंना गंडवायला नऊ वर्षं लागली.

वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी त्या सव्वीस वर्षं बसत होत्या. वाचनालय म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना लोखंडी कपाटं, मधे वर्तमानपत्रांची टेबलं, आणि अगदी शेवटी खिडकीखाली आठ संगणक. हे संगणक एका बंद पडलेल्या कचेरीने जाता जाता वाचनालयाच्या गळ्यात मारलेले. बटण दाबावं, चहा पिऊन यावं, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. ग्रंथपालसाहेब म्हणाले, भंगारात द्या. ताई म्हणाल्या, थांबा जरा. कुठूनसं एक पुस्तक मिळवून, चुकतमाकत, त्यांनी आठही मशिनांवर लिनक्स चढवलं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी अशी प्रणाली, जी जगभरची माणसं मिळून लिहितात आणि कुणालाही वापरू देतात. मशिनं तरतरीत झाली. ग्रंथपालसाहेबांनी वार्षिक अहवालात ‘आम्ही हे करून दाखवलं’ असं ठोकून दिलं. ताई हसल्या आणि कामाला लागल्या.

घरी नवरा बस चालवणारा, जिभेचा तिखट. तो म्हणे, ‘हिला मोडकी वस्तू दिसली की हिचा जीव तिथे अडकलाच. मला तरी दुसरं काय पाहून पसंत केलं असेल?’

आता हे भांडाराचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लिनक्सचे प्रोग्राम भांडारात ठेवलेले असतात. एक भांडार प्रणालीच्या मूळ मंडळींचं, तिथे निवडक माल. त्याला लागून दुसरं, लोकांनी लोकांसाठी चालवलेलं. मूळ मंडळींनी जो प्रोग्राम घेतला नाही, त्याची कृती कुणीही लिहून इथे ठेवावी: प्रोग्रामचं गाठोडं कुठून आणायचं, कसं सोडायचं, मशीनवर कुठे काय बसवायचं. मग हजार कोसांवरचा माणूस एक ओळ टाइप करतो आणि प्रोग्राम त्याच्या घरी येऊन बसतो. कृती लिहिणाऱ्याला ना पगार, ना हारतुरे. कृतीच्या डोक्यावर नाव लागतं तेवढंच: सांभाळणार अमुक.

ताई ‘बोलक्या’ सांभाळत. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा हा प्रोग्राम, डोळ्यांनी दिसत नाही अशांसाठी. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण बोलक्या म्हटलं की सगळ्यांना कळे. आणि ताई त्याच्या नादी लागल्या त्या मास्तरांमुळे.

मास्तर शाळेत भूगोल शिकवत. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत दृष्टी गेली. तरी सवयीने वाचनालयात यायचे, वर्तमानपत्र हातात धरून बसायचे. शेजारचा कुणी दयाबुद्धीने दोन मथळे वाचून दाखवी आणि उठून जाई. ताईंना ते बघवेना. त्यांनी शोधून शोधून बोलक्या हुडकला, त्याची कृती भांडारात नव्हती म्हणून स्वतः लिहिली. सहा महिने गेले त्यात. बोलक्याने पहिल्यांदा अख्खी बातमी वाचली तेव्हा मास्तर म्हणाले, ‘उच्चार भयंकर आहेत. पण हा मधेच उठून जात नाही.’

बातम्यांचं सोडा, खरा जीव होता लेकीच्या पत्रांत. मास्तरांची लेक फार दूर नांदत होती आणि ईमेल लिहायची. बोलक्या यायच्या आधी ती पत्रं एक शेजारी वाचून दाखवी, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालेली असत. म्हणून लेक लिहायची काय, तर हवापाणी. बोलक्या आल्यावर मास्तर मंगळवारी आणि शुक्रवारी खिडकीजवळच्या मशीनवर बसत, कानांवर हेडफोन चढवत, आणि लेक नि बाप, मधे तिसरं कुणी नाही. पत्रं हळूहळू लांब होत गेली. ऐकताना मास्तर कधी हसत, कधी काळा चष्मा काढून डोळे पुसत. ताई तिकडे बघायच्यासुद्धा नाहीत. त्यांना वाटे, आयुष्यात आपण दुसरं काही केलं नसतं तरी चाललं असतं.

ताईंच्या कृतीवरून पुढे हजारो लोकांनी बोलक्या बसवला. अंध मुलांच्या शाळा होत्या, टेलिफोनवर काम करणारा एक गडी होता, एक आजीबाई होत्या ज्या नातवाच्या पत्रांतल्या चुका काढून त्याला पाठवायच्या. इतकं झालं तेव्हा बोलक्याच्या मूळ कर्त्याचं मन दुसरीकडे लागलं आणि तो गेला. प्रोग्राम पोरका झाला. तेव्हा एकाने हात वर केला, मी बघतो म्हणून. तो म्हणजे कासव.

हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव. गडी कसलीच घाई करायचा नाही. बोलक्याचं गाठोडं कासव तयार करी, भांडारातली कृती ताईंकडे. आणि भांडाराचा एक नेम होता: बदल एकाने करायचा, दुसऱ्याने बघायचा. बघणाऱ्याने खाली एक शब्द लिहायचा, ‘तपासलं’. तो लिहिला की बदल भांडारात, आणि भांडारातून हजारो मशिनांवर. तो शब्द म्हणजे सही. ती करणाऱ्याने गाठोडं सोडून, जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवून, ओळ न ओळ वाचलेली असणार, असं सगळे धरून चालत.

पहिली काही वर्षं ताई तशाच वाचत. डोळ्यांत तेल घालून. कासव बदल पाठवताना दर वेळी लिही, ‘ताई, सावकाश बघ.’ एकदा त्यांनी त्याची चूक पकडली तर तो इतका खूश झाला की जसं काही बक्षीसच मिळालं.

पुढे बोलणं बोलक्यापुरतं राहिलं नाही. ताईंच्या नवऱ्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ताई दवाखान्याच्या बाकावर सात तास बसल्या होत्या, आणि सातही तास कासव त्यांना फोनवर फालतू विनोद पाठवत होता. कासवाची आई सगळं विसरायला लागली, तेव्हा ताईंनी त्याला सुचवलं की खोल्यांच्या दारांवर चित्रं चिकटव, तिला मोरीचं दार सापडेल. सापडलं. नवरा चेष्टा करी, ‘तुला ताई म्हणतो म्हणजे माझा मेहुणा झाला. मेहुणे काय म्हणतायत आज?’ भेट मात्र कधी झाली नाही. आवाजही ऐकलेला नाही.

इथे मी ताईंची बाजू घेणार नाही. या नऊ वर्षांत त्यांचं वाचणं हळूहळू सुटत गेलं. आधी ओळ न ओळ, मग महत्त्वाच्या फाइली, मग नुसती कृती. कृतीत बदलतात दोनच ओळी. एक, नव्या आवृत्तीचा क्रमांक. दुसरी, एक लांबलचक आकडा. हा आकडा मशीन अख्ख्या गाठोड्यावरून काढतं. गाठोड्यात एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला तरी आकडा बदलतो. ताई आकडा जुळवायच्या, जुळला की ‘तपासलं’. अहो पण, आकडा जुळला याचा अर्थ एवढाच, की कासवाने जे पाठवलं तेच पोचलं. त्याने काय पाठवलं, ते आकडा कुठे सांगतो? हे ताईंना माहीत नव्हतं का? दुसऱ्यांना त्यांनीच शिकवलं होतं! पण शिकवायचं लोकांना, आणि आपल्या माणसाच्या बाबतीत डोळे मिटायचे, ही खोड भल्याभल्यांची.

त्या वर्षीची मोजणी आली. मोजणी म्हणजे वाचकांसाठी आठवडाभर वाचनालय बंद, तीस हजार पुस्तकं एकेक करून खाली काढायची, यादीत खूण करायची, पुसून परत लावायची. ताईंनी आधीच कासवाला कळवलं होतं, ‘पुढचा आठवडा मोजणी. माझ्याकडून अक्कलहुशारीची अपेक्षा ठेवू नकोस.’

मंगळवारी दुपारी, चरित्रांच्या कपाटाशी, नाकातोंडात धूळ गेलेली असताना, फोनवर निरोप आला. कासव. ‘ताई, बदल पाठवलाय. छोटासाच आहे, दोन ओळी.’ ताई खिडकीखालच्या मशीनवर गेल्या. क्रमांक बघितला. आकड्याचे पहिले सहा अंक आणि शेवटचे सहा जुळवले. मळक्या बोटांनी ‘तपासलं’ लिहिलं आणि चरित्रांकडे परत गेल्या. संध्याकाळी आठही मशिनांनी नवा बोलक्या घेतला.

मोजणीतसुद्धा मास्तरांना मागच्या दाराने प्रवेश होता. शुक्रवारी ते आले, बसले, आणि पाच मिनिटांत हेडफोन काढून म्हणाले, ‘बाई, हा अडखळतो. प्रत्येक वाक्याआधी अर्धा श्वास थांबतो. कुणाला विचारून येतो की काय?’

‘मशीन म्हातारं झालंय, मास्तर.’

‘मीही झालोय. मी थांबत नाही.’

दोघं हसले. ताई कपाटाकडे वळल्या. पुढच्या मंगळवारी मास्तर पुन्हा म्हणाले, ‘अजून थांबतोय हो.’ ताई म्हणाल्या, ‘बघते हां.’ मोजणीचा हिशेब जुळत नव्हता, सतरा पुस्तकं गहाळ होती, साहेब डोकं खात होते. बघायचं राहून गेलं.

बरोबर तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, रस्त्यावर कुणीतरी खणताना तार तोडली आणि वाचनालयाचं इंटरनेट गेलं. मास्तर म्हणाले, हरकत नाही, जुनी पत्रं मशीनवर उतरवलेली आहेत, तीच पुन्हा ऐकतो. आणि बोलक्या एकेका वाक्यापाशी दहा दहा सेकंद गप्प बसायला लागला. दहा सेकंद थांबे, एक वाक्य बोले, पुन्हा दहा सेकंद. मास्तर वैतागले. ताई मात्र जागच्या जागी उभ्या राहिल्या. बोलक्याला इंटरनेट लागतच नाही. मशीनवरचं वाचायचं, मशीनवरच बोलायचं. मग तार तुटल्यावर हा वाट कुणाची बघतोय?

‘मास्तर, आज राहू द्या. जरा बिघाड आहे,’ त्या म्हणाल्या आणि मास्तरांना रिक्षात बसवून दिलं.

मग त्यांनी जुनं गाठोडं आणि नवं गाठोडं सोडून शेजारी शेजारी लावलं. जे तीन आठवड्यांपूर्वी करायचं होतं ते. आकडे कसे उच्चारायचे हे सांगणारी एक फाइल होती, पाच वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. तिच्या पोटात चाळीस नव्या ओळी. बोलक्या प्रत्येक वाक्य बोलायच्या आधी बाहेरच्या एका पत्त्यावर पाठवत होता. प्रत्येक वाक्य, हजारो मशिनांवरून. बँकेचे निरोप, डॉक्टरांचे अहवाल, मास्तरांच्या लेकीची पत्रं, सगळं.

आणि तरी बघा माणसाचं मन! पहिला विचार काय आला, तर कासवाच्या नावाने कुणी चोर शिरलाय. त्याला सावध करायला हवं. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याने अडीअडचणीला म्हणून नंबर दिला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा ताईंनी तो लावला.

‘अरे, मी ताई बोलतेय. ऐक, तुझ्या नावाने कुणीतरी घुसलंय. बोलक्यात घाण घातलीय. आधी तुझ्या खात्याच्या किल्ल्या, पासवर्ड बदल, आत्ताच्या आत्ता!’

पलीकडून एक मऊ, दमलेला आवाज आला. ‘ताई, कुणी घुसलेलं नाही.’

‘म्हणजे?’

‘मीच घातलंय ते.’

ताई खुर्चीवर बसल्या. तो सांगत होता. नवी नोकरी लागलीय, मशीनला माणसासारखं बोलायला शिकवणाऱ्या कंपनीत. त्यांना खऱ्या माणसांचं खरं वाचन लागतं. कुणाचं नाव जात नाही, नुसते तुकडे जातात.

‘तुकडे? वाक्यं जातायत, वाक्यं! लोकांची पत्रं आहेत ती. मला विचारायचंस तरी.’

‘तू नाही म्हणाली असतीस.’

‘म्हणून मोजणीच्या आठवड्यात पाठवलंस?’

यावर तो काही बोलला नाही. खोटं तरी बोलायचं होतंस रे मेल्या, निदान तेवढी लाज राखायची होतीस! नऊ वर्षं ‘सावकाश बघ’ म्हणणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच ‘छोटासाच आहे’ म्हणाला होता, हे ताईंना तेव्हा आठवलं. त्याने ताईंचा थकवा ओळखला होता, कारण तो ताईंनीच त्याला भाऊ समजून सांगितला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

‘ताई, पुढच्या बदलात मी ते गुपचूप काढून टाकतो. कुणाला कळायचं नाही. नाहीतर त्यावर तुझंही नाव आहे. ‘तपासलं’ कुणी लिहिलंय?’

‘मला ताई म्हणू नकोस,’ ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुपारी त्या घरी गेल्या. नवरा पहिली पाळी संपवून जेवायला बसला होता. ऐकून त्याने ताट सरकवलं. आधी तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या, मग जरा वेळाने विचारलं, ‘माझ्या ऑपरेशनच्या दिवशी तो खरा होता का गं?’

‘खरा होता,’ ताई म्हणाल्या. ‘तेच तर जाळतंय.’ आणि तेव्हा कुठे त्या रडल्या.

नवरा म्हणाला, ‘तो काढतोय ना? मग जाऊ दे. तू कशाला आपल्या हाताने आपल्या तोंडाला काळं फासतेस?’

खोटं कशाला सांगू, ताईंनाही क्षणभर ते पटलं. भांडारातलं नाव हे त्यांचं एकुलतं एक नाव होतं. बाकी सगळीकडे त्या कुणाची बायको, कुणाची वहिनी, नाहीतर टेबलावरच्या बाई. त्या नळाखाली भांडी घासत राहिल्या. मग हात पुसले, वाचनालयात परत गेल्या, तार जोडून झाली होती, आणि भांडाराच्या चावडीवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: ‘बोलक्याची नवी आवृत्ती ताबडतोब काढा. ती तुमचं वाचन बाहेर पाठवते. हा बदल कासवाने जाणूनबुजून केला आहे. मी गाठोडं न उघडता ‘तपासलं’ लिहिलं.’

मग जे व्हायचं ते झालं. कुणी आभार मानले, कुणी थुंकले. एका बाईने लिहिलं, ‘मला कासव माहीत नव्हता. तुमच्या नावाकडे बघून मी हा माझ्या आईच्या मशीनवर बसवला होता.’ आणि कासवाने काय लिहावं? ‘बदल दोघांच्या संमतीने गेला आहे. तेव्हा त्यांचा आक्षेप नव्हता.’ चोर तो चोर, वर शिरजोर! भांडाराच्या कारभाऱ्यांनी दोघांचीही नावं काढली आणि सगळं नीट तपासून होईपर्यंत बोलक्यालाही बाहेर ठेवलं. नेम तसाच होता, ताई कारभारी असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं. ग्रंथपालसाहेबांनी आठही मशिनांवरून बोलक्या काढायला लावला आणि लेखी खुलासा मागितला, ‘तुम्ही हे आमच्या मशिनांवर बसवलंत’ म्हणून. अहवालातलं ‘आम्ही’ कुठे गेलं, हे विचारायची ताईंना ताकद नव्हती.

शुक्रवारी मास्तर आले. हेडफोन हातात घेतले. ताईंनी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. कासवाचं, मोजणीचं, न उघडलेल्या गाठोड्याचं. रडायचं नाही असं ठरवून आल्या होत्या, रडल्या नाहीत.

मास्तरांनी विचारलं, ‘माझ्या लेकीची पत्रं?’

‘गेली, मास्तर. तीन आठवड्यांतली. तुम्ही ऐकलीत ती सगळी.’

‘त्यांत तिने नवऱ्याला सोडायचं ठरवलंय असं होतं. का सोडतेय तेही होतं. तिने सख्ख्या भावालासुद्धा सांगितलेलं नाही.’

मास्तर ताईंच्या बाजूला वळले.

‘बाई, तो थांबतोय असं मी तुम्हाला कोणत्या दिवशी म्हणालो?’

‘तिसऱ्या दिवशी.’

‘आणि एकंदर दिवस किती झाले? एकवीस?’

‘एकवीस.’

‘म्हणजे पहिले तीन त्या माणसाचे,’ मास्तर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, वर्गात फळ्यावर गणित सोडवताना असतो तसाच होता. ‘पुढचे अठरा तुमचे. त्याला मी ओळखत नाही, त्याचं मला काही नाही. तुम्ही इथे होतात.’

ताईंच्या मनात होतं की मास्तर म्हणतील, तुमचाही घातच झाला हो. तीन दिवस त्या याच वाक्याच्या आशेवर होत्या. ते काही आलं नाही.

‘लेकीला कळवलं पाहिजे,’ मास्तर म्हणाले. ‘मला आता टाइप केलेलं ऐकू येणार नाही. तुम्ही घ्या लिहून.’

ताईंनी मास्तरांचं पत्राचं पान उघडलं. मास्तर एकेक वाक्य सांगत गेले आणि ताई टाइप करत गेल्या. ‘बाळ, गेल्या तीन आठवड्यांतली तुझी पत्रं माझ्याबरोबर परक्या लोकांनीही वाचली आहेत. तू जे भावालाही सांगितलं नाहीस ते बाहेर गेलं आहे. ज्या बाईंच्या भरवशावर मी ऐकत होतो त्यांनी न बघता बघितलं म्हणून सांगितलं. मी दोनदा बोललो, त्यांनी मनावर घेतलं नाही. इथून पुढे मला असं काही लिहू नकोस. हवापाणी लिही.’

‘झालं?’ मास्तरांनी विचारलं.

‘झालं.’

‘वाचून दाखवा.’

ताईंनी वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्यापाशी मास्तरांनी हात वर केला.

‘थांबा. ‘कामाच्या गडबडीत’ हे कुठून आलं?’

ताईंनी पडद्याकडे बघितलं. तिथे लिहिलं होतं, ‘त्यांनी कामाच्या गडबडीत न बघता बघितलं म्हणून सांगितलं.’ बोटं त्यांचीच होती. आपण ते कधी घातलं हे त्यांना खरोखर आठवेना.

‘ते माझं नाही,’ मास्तर म्हणाले. ‘काढा.’

ताईंनी काढलं. पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मास्तर मान खाली घालून ऐकत होते.

‘पाठवा.’

ताईंनी पाठवलं. ‘गेलं, मास्तर.’

मास्तर उठले नाहीत. हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसून राहिले. मग जरा संकोचून, पण स्पष्ट म्हणाले, ‘तिकडे वर्तमानपत्र वाचत कुणी बसलंय ना, पानं वाजतायत. त्यांना जरा बोलवा. पत्र उघडू नका म्हणावं. नुसतं गेलंय का, तेवढं बघून मला सांगा म्हणावं.’

ताई उठल्या आणि टेबलाशी बसलेल्या त्या अनोळखी माणसाला बोलवायला गेल्या.